साडेआठचं पंचांग

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, आणि तीस वर्षं ज्यांना रसायनशास्त्र शिकवलं त्या पोरांची नावं तोंडाशी येऊन परत जातात. ही गोष्ट निम्मी मी पाहिलेली आहे आणि निम्मी गीतांजलीनं सांगितलेली. दोन्हींची सरमिसळ झाली असेल. तारखा मात्र पक्क्या आहेत. त्या मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवल्या होत्या.

"आजोबा, तुम्ही भुताची गोष्ट सांगणार होता," जुईली म्हणाली. "ही तर प्रस्तावना झाली."

"पीएच.डी. माणसाचं भूत आहे ते," अद्वैत म्हणाला. "संदर्भसूची घेऊनच येणार."

हसून घ्या. लाइट गेली आहे, गच्चीवर जरा वारा आहे. अमरावतीत मे महिन्यात एवढं पुष्कळ झालं.

गोष्ट सुरू होते एका चार्जरपासून. अकोल्याचे मोरोपंत माझे वसतिगृहापासूनचे मित्र. शाळेत संस्कृत शिकवत, निवृत्त झाल्यावर घरोघर पूजा सांगत. २०२१च्या एप्रिलमध्ये त्यांना आणि रमावहिनींना एकाच आठवड्यात करोना झाला. अकोल्यात खाट मिळेना, म्हणून सोमवारी, २६ एप्रिलला, मोरोपंतांना ॲम्ब्युलन्सनं इकडे अमरावतीला आणलं. घाईत त्यांचा चार्जर घरीच राहिला. मुलगा सौमित्र टोरांटोत. त्याचा फोन आला, "काका, बाबांचा मोबाइल बंद पडला तर आई वेडी होईल. एवढं काम कराल का?"

मी माझाच चार्जर उचलला, त्याला कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलं आणि हॉस्पिटलच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे दिला. आत जायला परवानगी नव्हती. असती तर मी गेलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर मला आवडत नाही.

तिकडे अकोल्याला जठारपेठेतल्या घरात रमावहिनी ऑक्सिजनच्या मशीनवर. सोबत एकच माणूस, नर्सिंग ब्युरोनं पाठवलेली गीतांजली. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली पोरगी, सव्वीस वर्षांची. दिवसभर पांढरा सूट, मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. वहिनींनी तिचे फक्त डोळे पाहिले होते. ब्युरोचं एक ॲप होतं. दर चार तासांनी ऑक्सिजन, नाडी, ताप भरायचा, फोटो टाकायचा, की टोरांटोत सौमित्रच्या फोनवर हिरवी खूण उमटे. सौमित्र मला सांगायचा, "काका, आई एकदम हिरवी आहे." आई रडली का, जेवली का, याला त्या ॲपात रकाना नव्हता.

आता पंचांगाचं सांगतो. मोरोपंतांचा एक नेम होता. रात्री जेवण झालं की साडेआठला उद्याचं पंचांग मोठ्यानं वाचायचं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. शेहेचाळीस वर्षं त्यांनी वाचलं आणि वहिनींनी ऐकलं. हॉस्पिटलात पंचांग नव्हतं आणि बोललं की दम लागे. म्हणून उलटं झालं. सौमित्रनं टॅबलेटवर व्हिडिओ कॉलचा एक कायमचा दुवा करून दिला होता. रोज साडेआठला दोघं त्या पडद्यावर भेटत. वहिनी वाचत, मोरोपंत ऐकत. वहिनींनी चुकीचं वाचलं की ते फोनच्या काचेवर नखानं एकदा ठोकत. टक. बरोबर असेल तर काही करायचं नाही. गप्प म्हणजे बरोबर.

हे मला मोरोपंतांनीच लिहून कळवलं होतं. "पन्नास वर्षं विद्यार्थी शोधला," असा त्यांचा निरोप होता, "आणि तो घरातच चहा करत होता."

वाचन संपलं की वहिनींचा एकच प्रश्न असे. "जवळ कोणी आहे ना तुमच्या?" मोरोपंत मान हलवत. ती मान होय म्हणे की नाही, ते पडद्यावर नीट दिसत नसे.

सोमवार, ३ मे. संध्याकाळी पाचला हॉस्पिटलातून मला फोन आला. मोरोपंत गेले. मृत्यूच्या कागदावर वेळ साडेचार.

मी सौमित्रला कळवलं. त्यानं वेळ विचारून घेतली. मग म्हणाला, "काका, आईचं काय?" वहिनींचा ऑक्सिजन तेव्हा नव्वदच्या खाली-वर होत होता. मी म्हणालो, "सध्या सांगू नये." तो सल्ला माझा होता. पुढचं सौमित्रनं सुचवलं. गीतांजलीनं तिच्या फोनवर बाबांच्या नावाचं खातं उघडायचं, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि रोज साडेआठला त्या दुव्यावर नुसतं बसायचं. वहिनींना सांगायचं, मोठा मास्क लावलाय, डॉक्टरांनी कॅमेरा बंद ठेवायला सांगितलाय, ते फक्त ऐकतील.

गीतांजलीनं मला फोन केला. "सर, हे पाप माह्या हातून काहून करून घेऊन राहिले तुमी?"

"गीतांजली, त्यांच्या जिवासाठी," मी म्हणालो.

"सकायी मी आजीच्या कपायाले कुंकू लावतो, सर. त्यायचे हात कापतात म्हणून. हातमोज्याच्या बोटानं लावतो. उद्या कसं लावू मी? सांगा ना."

"सौमित्रचा फोन येईल," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. आणि एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. ते टकचं. मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. सांगितलं असतं तरी पंचांगातली चूक तिला कळणार कशी, असं मी पुढे स्वतःला समजावलं. पण खरं हे की माझ्या लक्षातच आलं नाही.

मंगळवारपासून सुरू झालं. वहिनी आतल्या खोलीत पलंगावर, समोर टॅबलेट. गीतांजली स्वयंपाकघरात जमिनीवर, दिवा न लावता, कानात वायर. पडद्यावर एक काळा चौकोन आणि त्याखाली मोरोपंतांचं नाव. त्या चौकोनामागे ती.

वहिनी वाचत आणि मग बोलत. म्हणे, "खरं सांगू का? इतकी वर्षं तुम्ही वाचत होता तेव्हा मी दुधाचा हिशेब करत होते." म्हणे, "दम लागतो ना? बोलू नका. नुसतं ऐका." म्हणे, "ही पोरगी चांगली आहे हो, पण जेवत नाही नीट." गीतांजली ते ऐके. तोंडावर ओढणी दाबून ऐके. तिची आई दर्यापूरला, सहा महिन्यांत भेट नाही. तिच्याशी दिवसभरात कोणी बोलत असेल तर ते ॲप. नोंद बाकी आहे, नोंद बाकी आहे.

अशा आठ रात्री गेल्या.

नववी रात्र १२ मेची. बुधवार, वैशाख शुद्ध प्रतिपदा. मोरोपंतांचा दहावा दिवस. सकाळी इकडे अमरावतीत मी ते विधी उरकून घेतले होते. सौमित्र फोनच्या पडद्यावर, रात्र जागून. गुरुजींनी विचारलं, गेले कधी? मी कागद पाहून म्हणालो, साडेचारला. म्हणजे अष्टमी, गुरुजी म्हणाले. सप्तमी दुपारी एक वाजून एकोणचाळीस मिनिटांनी संपली होती.

अकोल्यात त्या दिवशी कडक बंद होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, असं गीतांजली म्हणाली. साडेआठला ती जागेवर बसली. फोन उघडला. कॅमेरा बंद. माइक बंद, त्यावर तांबडी रेघ. तिनं दोनदा पाहिलं.

वहिनींचा आवाज आला. मागे मशीनची घरघर.

"उद्या गुरुवार. वैशाख शुद्ध द्वितीया. नक्षत्र कृत्तिका..."

टक.

गीतांजलीला वाटलं, आपल्याकडून काही लागलं. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

वहिनी थांबल्या. पान डोळ्यांजवळ नेल्याचा आवाज.

"हो. कृत्तिका आजचं. उद्या रोहिणी."

काही नाही.

"करण बालव."

काही नाही.

गीतांजलीनं पडद्याकडे पाहिलं. रोज वर कोपऱ्यात आकडा असे दोन. एक वहिनी, एक ती.

आज तीन होता.

तिसरा चौकोनही काळाच. खाली नाव नाही.

आतून पंचांग मिटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं मशीन.

"आलात?"

...

गप्प म्हणजे बरोबर.

"आठ दिवस मी रोज एक चूक मुद्दाम करतेय," वहिनी म्हणाल्या. "एकदाही कोणी टोकलं नाही. पहिल्याच रात्री कळलं मला. ती पोरगी बसते तिथे, स्वयंपाकघरात. मी थांबले असते. पण तिलाही बोलणारं कोणी नाही हो. म्हणून वाचत राहिले."

गीतांजली म्हणाली, सर, मले उठून पळावंसं वाटलं.

"आज मात्र खरीच चूक झाली. डोळे भरले होते."

...

"कधी गेलात? रविवारी?"

टक.

"सोमवारी."

...

"संध्याकाळी?"

टक.

"दुपारी."

...

"म्हणजे अष्टमी लागली होती."

टक.

"सप्तमी."

...

...

वहिनींचा श्वास मोठा झाला होता. बोटाला लावलेलं यंत्र चिवचिवायला लागलं. गीतांजलीला जायला हवं होतं. ते तिचं कामच होतं. तिला जाता आलं नाही.

"फार त्रास झाला."

...

"हो ना."

...

आणि मग वहिनींनी ते विचारलं. अगदी हळू.

"एकटेच होतात."

गीतांजलीनं डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, मी देवाले म्हटलं, वाजू दे. वाजू दे.

...

टक.

"नव्हतात एकटे? कोणीतरी होतं जवळ?"

...

"हात धरला होता कोणी?"

...

...

वहिनी रडायला लागल्या. गीतांजलीनं डोळे उघडले तेव्हा वरचा आकडा दोन होता.

थोड्या वेळानं आतून हाक आली. फोनमधून नाही, दारातून.

"गीता, बाहेर ये. अंधारात बसू नकोस."

"मला एक सांगायचंय," अद्वैत म्हणाला. मघाची मस्करी त्याच्या आवाजात नव्हती. "मोरोपंत आजोबांचा फोन हॉस्पिटलमध्येच होता ना? तो परत मिळाला?"

नाही मिळाला.

"मग झालं. कोणीतरी चोरला. चालू करून बघत असेल, दुवा आपोआप जोडला गेला. टकटक म्हणजे त्याचं नख."

असेलही. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, मलाही पहिल्यांदा तेच सुचलं. सौमित्रनं त्याच्या खात्यात तपासलं. तिसरं कोणीतरी आठ बत्तीसला आलं, आठ अठ्ठावन्नला गेलं. नावाची जागा कोरी.

"चोराला रोहिणी नक्षत्र माहीत होतं का रे?" जुईलीनं विचारलं.



त्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी गीतांजलीचा मला फोन आला. "सर, आजीले सारं ठाऊक हाय," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. मी इकडे फोन धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंकवाची डबी घेऊन गेली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आज नको." आणि पलंगावर पंचांग उघडं होतं. ३ मेच्या ओळीत सप्तमीभोवती पेन्सिलीचं गोल वर्तुळ. बाजूला कापऱ्या अक्षरात, "ह्यांची तिथी." तोवर सोमवार हा शब्द कोणी त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता. गीतांजलीनं शपथ घेऊन सांगितलं. सौमित्रनंही.

महिन्याभरानं बंद उठला. मी अकोल्याला गेलो, कागद घेऊन. वहिनी सुधारल्या होत्या, अर्ध्या झाल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मी तुम्हाला फसवलं."

"तुम्ही नाही फसवलंत भाऊजी. तुम्हाला जमतच नाही ते," त्या म्हणाल्या.

मी कागद पुढे केला. "यावर साडेचार आहे. सप्तमी दुपारी एक एकोणचाळीसलाच संपली होती. म्हणजे अष्टमी."

त्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला आणि मला परत दिला. "कागद तुमचा. तिथी माझी."

मग सौमित्र टोरांटोत अष्टमीला श्राद्ध करू लागला आणि वहिनी अकोल्यात सप्तमीला. दरवर्षी एक पान वाढून झाकून ठेवत. मी विचारलं, हे कोणाचं? म्हणाल्या, "ज्यानं हात धरला त्याचं. भाऊजी, तेवढं एक करा माझं. त्याला शोधा. मला त्याला घरी बोलवून जेवू घालायचंय. नाव तरी सांगा, म्हणजे हाक मारता येईल."

मी हो म्हणालो. दर वेळी हो म्हणालो. आणि शोधलं नाही.

आता कारण सांगतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मला भीती वाटत होती. त्या दिवसांत वॉर्डात काय परिस्थिती होती ते मी फाटकाबाहेरून पाहिलं होतं. एका माणसाला चाळीस खाटा. मी चौकशी केली आणि कळलं की जवळ कोणीच नव्हतं, तर? ते घेऊन मी वहिनींसमोर कसा जाणार होतो? त्यापेक्षा शोधतो आहे, शोधतो आहे, असं म्हणत राहणं सोपं होतं. गीतांजली मात्र दर सप्तमीला दर्यापूरहून येई. ते झाकलेलं पान शेवटी वहिनी तिलाच वाढत. "नीट जेव," म्हणत.

वहिनी २०२३च्या डिसेंबरात गेल्या. झोपेत. उशाशी गीतांजली होती.

त्यानंतर मला झोप येईना. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द जास्त त्रास देतो, निदान मला देतो. फेब्रुवारीत मी त्या ठेकेदाराकडे गेलो ज्यानं तेव्हा वॉर्डात माणसं पुरवली होती. कागदाप्रमाणे दुपारपाळी मागायला हवी होती, पण मी वहिनींची तिथी धरून सकाळपाळी मागितली, आणि त्यानं ३ मेची सकाळची तीन नावं काढून दिली. पहिल्या दोघांना काही आठवत नव्हतं. तिसरा नत्थुजी, परतवाड्याचा. आता बसस्थानकाजवळ चहाची टपरी चालवतो.

"पंडितबाबा ना?" नत्थुजी म्हणाला. कप विसळता विसळता थांबला. "हाव, आठवते ना मले. त्यायचा जीव लय घाबरा झाला होता. डाक्तर दुसऱ्या वार्डात. सिस्टर एकटी, ते तरी कोठं कोठं पाह्यन? म्या हात धरला अन् बसलो. मोजे होते हातात, तरी त्यायनं घट्ट धरला. मंग सुटला हात."

"किती वाजले होते तेव्हा?"

"ते काय मालूम, सर. तवा घड्याय कोन पाहे? म्या सिस्टरले सांगतलं. ते म्हणे डाक्तर येतीन तवा लिहितीन. मंग माही पाळी संपली, तं सही करून निंगालो मी. घरी जाऊन जेवलो नाई त्या दिवशी."

मी त्याचा चहा प्यायलो. वहिनींचं सांगितलं. दोन वर्षं पान वाढून ठेवत होत्या, म्हणालो. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

परत येताना मी पुन्हा ठेकेदाराकडे उतरलो आणि त्या महिन्याचं हजेरीचं रजिस्टर मागितलं. त्यानं ते माळ्यावरून काढून दिलं. मी पान दोनदा पाहिलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. सोमवार, ३ मे २०२१. नत्थुजीच्या नावापुढे त्याची सही आहे, आणि बाहेर पडल्याची वेळ आहे दुपारी एक वाजून दहा मिनिटं.